ढोम्याचं डोकं

माशांवर आयुष्य घालवलेल्या माणसांबद्दल आपल्या शाळेतल्या पोरांसाठी लिहायला बसले आहे. आमच्या वेळी शाळेच्या प्रयोगशाळेत न्यूटन, मादाम क्युरी आणि सी. व्ही. रामन यांच्या तसबिरी होत्या. माशांवर आयुष्य घालवलेला माणूस त्यांत एकही नव्हता, आणि वर्गातल्या निम्म्या पोरांची घरं तर मासळीवर चालत होती. ही उणीव विज्ञानाच्या बाईंनी भरून काढली. बाई घाटावरच्या, घरी अंडंसुद्धा न शिजणाऱ्या. पण आम्ही नववीत असताना त्यांनी फर्मान काढलं, "उद्या येताना ढोमा माशाचं डोकं आणायचं." आईने कपाळाला हात लावला. "सारात घालायचं डोकं, ते शाळेत?"

दुसऱ्या दिवशी बाई नाकाला पदर लावून उभ्या, आणि आम्ही डोकी चिरतोय. मेंदूच्या खालच्या अंगाला दोन पांढरे खडे निघाले. ढोमा, घोळ या मंडळींचे हे कानातले खडे चांगले ठसठशीत असतात. मासा त्यांच्याच जोरावर तोल सांभाळतो आणि ऐकतो. बाईंनी एक खडा मधोमध मोडला, मोडलेली कड स्पिरिटच्या दिव्यावर धरली. कड तपकिरी झाली आणि भिंगातून पाहिलं तर एकात एक वलयं. झाडाच्या बुंध्यात असतात तशीच. १८९९ साली राइबिश नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने अशा खड्यांवरून माशाचं वय काढून दाखवलं, हे त्या तासाला कळलं. त्या दिवशी घरी सार झालं, ते बिनडोक्याचं.

पुढे मी रत्नागिरीजवळच्या शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात गेले, तिथे नॉर्वेचा मत्स्यशास्त्रज्ञ योहान योर्ट भेटला. पुस्तकातच, पण भेटलाच म्हणायचं. नॉर्वेतही आपल्यासारखीच रड होती: एक वर्ष हेरिंग मासा किनाऱ्याला ढीग लावतो, दुसऱ्या वर्षी जाळी कोरडी. लोक म्हणत, मासा दुसरीकडे गेला. योर्ट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं हेरिंगच्या खवल्यांवरची वलयं मोजली. निघालं असं, की १९०४ साली जन्मलेली एकच पिढी १९०८ पासून पुढे कित्येक वर्षं जाळी भरत होती. आजूबाजूच्या सालांतली पिल्लं जवळपास दिसतच नव्हती. १९१४ च्या ग्रंथात त्याने कारण सुचवलं: अंड्यातून निघालेल्या पिल्लाची बलकाची शिदोरी संपते, नेमकं तेव्हा तोंडासमोर खाद्य हवं. ते चुकलं की अख्खी पिढी गेली. तारली ही हेरिंगच्याच कुळातली. तारली आली नाही की आमचा आजा म्हणायचा, "दर्या रुसला." माझ्या मते आजा आणि योर्ट एकाच गोष्टीबद्दल बोलत होते, फक्त योर्टने खवले मोजले.

आपल्याकडे मात्र हे मोजणं सोपं नाही. थंड मुलुखात हिवाळ्यात वाढ मंदावते, म्हणून वर्षाचं वलय ठळक उठतं. आपल्या कोमट पाण्यात ते फसवं असतं. १९७१ मध्ये पानेल्ला या शास्त्रज्ञाने दाखवून दिलं की खड्यात रोजचीसुद्धा बारीक रेघ पडते. तेव्हापासून पिल्लाचं वय दिवसांत सांगता येऊ लागलं.

फ्रान्सिस डे यांच्याबद्दल थोडक्यात. मद्रासच्या फौजेतला डॉक्टर; १८७५ ते १८७८ या काळात त्याने भारतातल्या माशांवरचा मोठा सचित्र ग्रंथ काढला. आजही जात ओळखताना अडलं की तो उघडावा लागतो. चित्रं सुरेख आहेत, पण मला योर्ट जास्त जवळचा.

आणि डोक्याचाच विषय निघाला आहे तर मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधुरी यांना वगळता येणार नाही. रोहू, कटला तळ्यात वाढतात, पण तिथे अंडी घालत नाहीत. त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. त्यामुळे मत्स्यबीज नदीतून गोळा करावं लागे, त्यात कुठलीही पिल्लं मिसळलेली. चौधुरींनी मेलेल्या माशांच्या मेंदूखालची पीयूषिका ग्रंथी काढली, तिचा अर्क जिवंत नर-मादीला टोचला, आणि १० जुलै १९५७ रोजी ओडिशात प्रयोग साधला: टोचलेल्या मादीने अंडी घातली. १० जुलैला मत्स्यशेतकरी दिन पाळतात तो त्यामुळे. गोड्या पाण्याच्या माशाचं आपल्याला काय कौतुक, असं आपल्या बंदरावर सर्रास ऐकू येतं. पण घाटावरच्या बाजारात जो गोड्या पाण्याचा मासा जातो, त्यातला पुष्कळसा अशा टोचणीतूनच आलेला आहे.

सध्या मी रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर मासळीची लांबी-वजनं टिपते. सुरुवातीला तांडेल, म्हणजे होड्यांचे म्होरके, हसायचे, "मोजून काय वाढणार हायत गं?" २०२३ मध्ये सरकारने पापलेट राज्यमासा म्हणून जाहीर केला, नंतर किती लांबीच्या आतली मासळी धरू नये याचे नियम आले, तसं हसणं कमी झालं. आता एक म्हातारा तांडेल बोटभर पापलेट माझ्या पट्टीवर ठेवतो आणि विचारतो, "ही किती दिवसांची?" मी खडा काढून सांगते. मग तो म्हणतो, "मी सोडली, तर रातच्याला दिवे लावणारा पर्ससीनवाला सोडणार काय?" पर्ससीन म्हणजे मासळीच्या थव्याला वेढा घालणारं मोठं जाळं. याचं उत्तर ना डेकडे आहे ना योर्टकडे. शाळेच्या पुढच्या स्नेहसंमेलनाला त्या तांडेलालाच बोलवा, आणि पोरांना प्रश्न विचारू द्या.