खरेदीखत झालं एकदाचं!

संगमेश्वर तालुक्यातलं जांभ्याचं कौलारू घर आज आमच्या नावावर झालं. सह्यांसाठी हिस्सेदार डोंबिवली, पुणे, एक आजी तर थेट बडोद्याहून आल्या. सातबाऱ्यावरची सगळी नावं एका खोलीत जमवणं हेच कोकणात मोठं काम. (जमीन बिनशेती नसेल तर घेणाराही शेतकरी लागतो, १९४८ च्या कूळकायद्याचं कलम ६३. बाबांच्या गावच्या सातबाऱ्यावर माझं नाव आहे, म्हणून निभावलं.)

दुपारी सुतारकाकांना घेऊन घरी गेलो. त्यांनी एकेक वासा ठोकून पाहिला. फणसाचे खांब ठणठणीत, पण पडवीचे वासे वाळवीनं पोखरलेत; बोट लावलं की भुसा. कौलं मात्र बरीचशी शाबूत. उतरवून, घासून परत चढवायची. पत्रा टाका म्हणणाऱ्यांना लांबूनच नमस्कार!

खरी डोकेदुखी मागची भिंत. कुणीतरी जांभ्यावर सिमेंटचा गिलावा थापलाय, त्यामुळे ओल आत कोंडलीय. तो खरवडून चुन्याचा करायचाय. विहीर मे महिन्यात तळ गाठते, हे शेजारच्या काकूंनी सह्या झाल्यावर सांगितलं, ते वेगळंच.

चुन्याचं काम येणारा गवंडी आहे का कुणाच्या ओळखीत? देवरुख-साखरप्याकडचा असेल तर उत्तम.