फॉर्म्युला वनचं २०२६ : इंजिनं तुम्ही बघा, मी कंटेनर बघतो

नव्या हंगामाबद्दल ज्याला विचाराल तो इंजिनावर बोलतो. एक्झॉस्टच्या उष्णतेतून वीज बनवणारं एमजीयू-एच गेलं, विजेच्या मोटरची ताकद १२० किलोवॅटवरून ३५० वर गेली, ओव्हरटेक करताना मागचा पंख उघडायची सोय, म्हणजे डीआरएस, बंद, गाडीचं किमान वजन ३० किलोंनी उतरलं. असेल. न्हावा शेवाला लोकांचा माल कस्टम्समधून सोडवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे कॅलेंडर हातात आलं की मी आधी एवढंच बघतो, की या रविवारचा माल पुढच्या रविवारी कुठे पोचवायचाय.

हंगामातली पहिली, मेलबर्नची शर्यत ८ मार्चला. पण तिथल्या गॅरेजच्या भिंतींचे पॅनल, जॅक, टेबलं-खुर्च्या, स्वयंपाकघराचं सामान हे सगळं केव्हाच बोटीवर चढलंय. जड आणि तुलनेनं स्वस्त माल समुद्रानं पाठवायचा, हा साधा हिशोब. त्यासाठी प्रत्येक टीम अशा सामानाचे पाच-सहा सारखेच संच बाळगते. एक संच मेलबर्नला वापरात असताना दुसरा शांघायच्या बंदरात उतरलेला असतो आणि तिसरा अजून पाण्यावर असतो. गाड्या, इंजिनं, कॉम्प्युटर मात्र विमानानं.

विमान म्हणजे खात्री, असं कुणी समजू नये. २०२२ मध्ये बहारीनच्या चाचणीआधी हास टीमच्या मालवाहू विमानात बिघाड झाला आणि त्यांची पहिली सकाळ नुसती वाट बघण्यात गेली. आमच्या धंद्यात याला काही विशेष म्हणत नाहीत, पण तिथे ती जगभर बातमी होते.

यंदा विमानांवरचा भार वाढणार, असं माझं मत आहे. नियम नवे, गाड्या कोऱ्या, सुटे भाग शेवटच्या आठवड्यापर्यंत कारखान्यात बनत राहणार. जे अजून बनलंच नाही ते सहा आठवडे आधी कंटेनरमध्ये भरणार कसं? त्यात तांबड्या समुद्रातल्या जहाजांवरच्या हल्ल्यांमुळे २०२३ च्या अखेरीपासून बऱ्याच बोटी सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालतायत. युरोपचा माल आमच्याकडे उशिरा येतो, तेव्हा गिऱ्हाइकाला तोंड देताना काय होतं ते मला माहितीये. कॅलेंडरात एप्रिलमध्ये दिलेल्या बहारीन आणि सौदीतल्या जेद्दाच्या शर्यतींचा माल ज्यांच्या हाती आहे, त्यांची झोप उडाली असेल. जेद्दा तर तांबड्या समुद्राच्या काठावरच.

कॅलेंडर लावणाऱ्यांनी एक काम मात्र शहाणपणाचं केलंय. कॅनडा जूनमधून उचलून २४ मेला आणलाय, मायामीनंतर लगेच. आधी टीम युरोपात येऊन, मध्येच अटलांटिक ओलांडून परत यायच्या; बघताना मला त्रास व्हायचा. आता मोनॅकोपासून सप्टेंबरमधल्या माद्रिदपर्यंत युरोप सलग, म्हणजे सगळं ट्रकवर.

ट्रकवरून आठवलं. बहुतेक टीम इंग्लंडात आहेत आणि ब्रेक्झिटनंतर त्यांनाही युरोपात शिरताना कार्नेट लागतं. कार्नेट म्हणजे मालाचा पासपोर्ट समजा : तात्पुरता आणला, ड्यूटी न भरता तसाच परत नेणार. प्रत्येक पाना-स्क्रूड्रायव्हर यादीत हवा, आणि जेवढा आत आला तेवढा बाहेर गेलेला दिसला पाहिजे. स्वित्झर्लंडच्या साउबरला हे कायमचंच. ती टीम आता ऑडीची झालीये, पण खोकी आणि ती भरणारी अनुभवी माणसं आयती मिळालीत.

कॅडिलॅकचं तसं नाही. अकरावी टीम, सगळं शून्यापासून. पेरेस आणि बोटास हे दोघे मुरलेले ड्रायव्हर त्यांनी घेतले, ते ठीक. मी लक्ष ठेवणार आहे ते त्यांच्या गॅरेजवर. पहिल्या चार-पाच शर्यतींत हे लोक गुरुवारी वेळेत उभे राहिले, तर माझ्या लेखी अर्धा हंगाम जिंकले.

आपल्याकडे २०११ ते २०१३ अशा तीन शर्यती ग्रेटर नोएडाला झाल्या, तिन्ही फेटेलनं जिंकल्या. मग करमणूक कर, कस्टम्स ड्यूटी, आयकर यांचा जो घोळ झाला त्यातली आयकराची केस सुप्रीम कोर्टात गेली आणि २०१७ मध्ये निकाल फॉर्म्युला वनच्या विरोधात लागला. ट्रॅक चांगला होता, कागद नव्हते. ‘भारतात एफ-वन परत येणार’ अशी बातमी दर वर्षा-दोन वर्षांनी येते, आणि तिच्यात ट्रॅकच्या दुरुस्तीबद्दलच लिहिलेलं असतं. ड्यूटीचं काय ठरलं ते कुणी लिहीत नाही, म्हणून मी ती पूर्ण वाचतही नाही.

घरच्या नियोजनात एकच पेच आहे. ब्राझीलची शर्यत ८ नोव्हेंबरला, म्हणजे ऐन लक्ष्मीपूजनाला. सुदैवानं आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा झालेले असतील, पूजा, वह्या, फराळ सगळं उरकून. बायकोला आत्ताच सांगून ठेवलंय. ‘दिवाळीला दहा महिने आहेत,’ ती म्हणाली. आमच्याकडे बुकिंग आधीच करतात, म्हटलं.

खरी गंमत त्यानंतर. २१ नोव्हेंबरला, शनिवारी रात्री दहाच्या सुमारास लास व्हेगासची शर्यत संपेल, तेव्हा कतारच्या घड्याळात रविवार सकाळचे नऊ वाजलेले असतील. शुक्रवारी, २७ तारखेला कतारच्या लुसैल ट्रॅकवर सराव. मध्ये १३,००० किलोमीटरच्या आसपास अंतर. गाड्या सोडवायच्या, खोकी भरायची, वजन, कागद, विमान, पुन्हा कस्टम्स, पुन्हा गॅरेज उभं. आणि तिथून पुढच्या आठवड्यात अबू धाबी. व्हेगासनंतरच्या सोमवार-मंगळवारी विजेतेपदाच्या गुणांची आकडेमोड घेऊन कुणी माझ्याकडे येऊ नका. मी मालवाहू विमानांचे फ्लाइट ट्रॅकर उघडून बसलेला असेन.