तुम्ही विचारलंत म्हणून: लाइटवरची (इलेक्ट्रिक) गाडी किती दिवसांत मिळते?

दारव्ह्याच्या बसस्टँडवर, शाळेच्या स्टाफरूममध्ये, परवा तर लग्नाच्या पंगतीतही मला हाच प्रश्न आला: "मॅडम, लाइटवरची गाडी बुक करून टाकू का? किती दिवसांत भेटते?" पंगतीत हे सगळं सांगून होत नाही, म्हणून लिहून काढते आहे.

आम्ही 2025च्या अक्षय्य तृतीयेला, 30 एप्रिलला, नागपूरच्या एका शोरूममध्ये बुकिंग केलं. कापसाचे पैसे हातात होते, उरलेलं बँकेचं कर्ज. शोरूमच्या मुलाने ठामपणे सांगितलं, "शाळा उघडायच्या आत गाडी दारात." आमच्याकडे उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटी शेवटी उघडतात, म्हणजे जवळजवळ दोन महिने होते. त्या शब्दावर आम्ही मे महिन्यातच जुनी डिझेल गाडी एक्स्चेंजमध्ये देऊन टाकली. पुढचा सगळा त्रास तिथून सुरू झाला.

सासूबाईंचं डायलिसिस आहे, आठवड्यातून दोनदा, यवतमाळला. मशीनवर चार तास. त्यानंतर त्यांना उभं राहवत नाही, आणि परतीच्या एसटीत बसायला जागा मिळेलच असं नाही. जूनपासून आम्ही दर खेपेला भाड्याची गाडी सांगितली, फेरीचे 1,800 रुपये. सोयाबीनची फवारणी अंगावर असताना यजमानांनी कितीदा वावर सोडून गाडीवाल्याच्या मागे फिरायचं? एका शुक्रवारी गाडीवाला ऐनवेळी लग्नाच्या भाड्याला गेला. आईंनी एसटीचा दांडा धरून, डोळे मिटून प्रवास केला. मला उशिराबद्दल विचारलं की आधी तो दांडा आठवतो.

फोन केला की उत्तर ठरलेलं: "येऊन राहिली मॅडम, या आठवड्यात पक्कं." असे आठवडे किती गेले ते मी वहीत लिहिलं आहे. पोळ्याला विचारलं तेव्हा पहिल्यांदा कारण कळलं: "मॅग्नेट नाही."

हे कारण खोटं नव्हतं. इलेक्ट्रिक गाड्यांच्या बऱ्याचशा मोटरींत दुर्मिळ मृदा धातूंचे चुंबक असतात. चुंबक तापला की त्याचा जोर कमी होतो, म्हणून त्यात डिस्प्रोसियम किंवा टर्बियम हे त्याच जातीचे धातू थोडे घालतात. 45 अंशांत चालणाऱ्या आमच्यासारख्यांच्या गाडीला तर ते हवंच. या धातूंचं शुद्धीकरण बहुतांशी चीनमध्ये होतं, आणि 4 एप्रिल 2025 रोजी चीनने अशा सात धातूंच्या व त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. म्हणजे आम्ही पैसे भरले तेव्हा ही अडचण आधीच सुरू झालेली होती. मग तारीख का दिली? "चार महिने लागतील, कदाचित जास्त," असं म्हणाले असते तर आम्ही थांबलो असतो. जुनी गाडी मात्र दारातच ठेवली असती. शेतकऱ्याच्या घरात पाऊस लांबला तर कोणी कोणावर रागावत नाही. पण माणसाने तोंडाने दिलेली तारीख वेगळी असते.

उशिरासोबत बाकीचंही सरकत गेलं. बँकेची मंजुरी तीन महिन्यांची होती, ती संपली. कागद पुन्हा, पगारपत्रक पुन्हा. दरम्यान किंमत वाढली. बुकिंगच्या फॉर्मवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की किंमत डिलिव्हरीच्या दिवशीची लागेल. 22 सप्टेंबरला छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. इलेक्ट्रिकचा आधीपासून 5 होता, तो तसाच राहिला. शेजारच्यांनी दसऱ्याला पेट्रोलची गाडी स्वस्तात आणून पूजाही केली. आमच्या ओसरीवर मात्र जूनपासून नुसता चार्जिंगचा पॉइंट. त्यासाठी महावितरणकडे घराचा मंजूर भार वाढवून घेतला होता, वेगळं अर्थिंग केलं होतं. (हे काम मात्र आधीच करून घ्या. 15 अँपिअरच्या सॉकेटवर साधारण 3.3 किलोवॉट मिळतात, 40 युनिटची बॅटरी रिकामी असली तर बारा तास सहज जातात. आणि शेतीपंपाच्या लाइनचा भरवसा धरू नका, गावातल्या घरांना वीज देणाऱ्या गावठाण फीडरवरच घ्या.)

गाडी नोव्हेंबरात आली. कागद हातात आले तेव्हा मी फॉर्म 22 उघडला. कंपनी रस्तायोग्यतेचा जो दाखला देते तो हा. त्यावर गाडी बनल्याचा महिना आणि वर्ष असतं. आमच्या फॉर्मवर ऑगस्ट होतं. "मॅग्नेट नाही" हे ऐकत होते त्याच महिन्यात माझी गाडी तयार झाली होती. मधले अडीच महिने ती कुठे उभी होती, हे मी शोरूमला लेखी विचारलं आहे. उत्तर अजून आलेलं नाही.

गाडी उत्तम चालते, हेही सांगितलं पाहिजे. आई मागच्या सीटवर आडव्या होऊन येतात.

तेव्हा बुक करायची असेल तर जरूर करा, पण तारीख आणि किंमत दोन्ही फॉर्मवर लिहून घ्या, आणि नवी गाडी दारात लागेपर्यंत जुनी देऊ नका. फोनवर बोललात तरी नंतर तेच मेसेजवर लिहून पाठवा. अडलंच तर 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. 2019च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, त्यासाठी नागपूरला खेटे घालावे लागत नाहीत.

दिग्रसच्या एका शिक्षिकेने मागच्या आठवड्यात हेच विचारलं. मी फॉर्मचं सांगितल्यावर तिने माझ्यासमोरच शोरूमला फोन लावला. पलीकडचा म्हणाला, "ताई, महिन्याभरात नक्की देतो." ती म्हणाली, "मग तेवढं लिहून द्या." त्यावर तो म्हणाला, साहेबांना विचारून सांगतो. तिने अजून पैसे भरलेले नाहीत.