कापूस आमचा, पण कॉटन परवडतं ते जुन्याच्या ढिगातलं

२०२५-२६ च्या हंगामात कापसाने परत रडवलं. त्या वर्षीचा हमीभाव कागदावर मध्यम धाग्याला ७७१० आणि लांब धाग्याला ८११० रुपये क्विंटल होता, पण सीसीआयच्या (सरकारी कापूस महामंडळाच्या) केंद्रावर नंबर लागेपर्यंत थांबायला ज्याच्याजवळ पैसा नाही तो गावात येऊन माल उचलणाऱ्या खेडा खरेदीवाल्याला, तो देईल त्या भावाने माल देऊन मोकळा होतो. त्यात ऑगस्ट २०२५ मध्ये सरकारने बाहेरच्या कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढून टाकलं, आधी सप्टेंबरपर्यंत म्हणाले आणि मग वाढवून डिसेंबरअखेर केलं, म्हणजे नेमकं आमचा कापूस घरात येतो तेव्हा. आमच्याकडे शेती सासऱ्यांची आणि पगार नवऱ्याचा, आणि पगारही हल्ली कंपनीच्या मूडवर होतो. अशा वेळी किराण्याला कात्री लावता येत नाही, पोरांच्या फीला लावता येत नाही, राहिले कपडे, म्हणून ते मी जुन्याच्या बाजारातून घेते.

आता कोणी म्हणेल स्वस्तात नवीन मिळतं की. मिळतं ना, तीनशेला कुर्ती मिळते, पण ती सुरतहून आलेली पॉलिस्टरची, आणि जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ वर गेला की ती अंगात घालून एसटीत उभं राहून बघा एकदा म्हणजे कळेल. चांगलं शुद्ध सुती नवीन घ्यायला गेलं तर हजाराच्या खाली दुकानदार बोलत नाही. जिथे कापूस पिकतो तिथलीच माणसं प्लॅस्टिक घालून फिरतात हे मला कधीच पचलं नाही. जुन्या कपड्यांच्या ढिगात मात्र सुती माल पडलेला असतो, कारण दहा-पंधरा वर्षांपूर्वी लोक कॉटन घ्यायचे आणि बोहारणीला तेच दिलेलं असतं.

हा धंदा काय आजचा नाही. लहानपणी दारात बोहारीण यायची, आई जुन्या पॅन्ट-साड्यांचा गठ्ठा पुढे टाकायची आणि मग एका स्टीलच्या डब्यावरून अर्धा तास घासाघीस, अजून एक शर्ट टाका, नाही ताई साडी टाका, काठ बघा किती विरलेत. ते कपडे पुढे कुठे जातात हे तेव्हा कोणी विचारलं नाही. निवडले जातात, धुऊन शिवून इस्त्री होतात आणि बाजारात येतात, दिल्लीच्या रघुबीर नगरात तर याचाच मोठा बाजार पहाटे अंधारात भरतो. जे घालण्यासारखं राहत नाही ते पुसायच्या चिंध्यांत नाहीतर पानिपतला, तिथे जुन्या लोकरीचा परत धागा काढून ब्लँकेटं बनतात. आपल्याकडे द्यायला कोणाला लाज वाटत नव्हती, घ्यायला वाटायची. सासूबाईंना अजून वाटते. मी पहिल्यांदा ढिगातला शर्ट आणला तर त्यांचा प्रश्न, "कोना आंगना कपडा शे हाऊ?" आता कोणाच्या अंगचा ते मला तरी काय माहीत. गरम पाण्यात सोडा टाकून रात्रभर भिजवला, दुसऱ्या दिवशी आमच्या गच्चीवरच्या उन्हात उलटा करून टाकला, त्या उन्हात ढेकूण काय, त्याची अंडीसुद्धा वाचत नसतील.

आठवडे बाजारात ताडपत्रीवर ढीग असतो, "शंभरला दोन" असं ओरडणं चालू असतं आणि आपण खाली बसून उपसायचं. मी आधी कपडा उन्हाकडे धरून बघते. पॅन्ट असेल तर मांड्यांमधली जागा विरलेली असते, तिथून उजेड दिसला की ठेवून द्यायची, रफू करूनही ती महिनाभरात फाटते. शर्टाची काख बघायची, घामाचे मुरलेले पिवळे डाग सहसा जात नाहीत, मी लिंबू, सोडा, निळ सगळं करून बसले आहे. कॉलर झिजलेली असली तरी चालते कारण जुना टेलर ती उसवून उलटी लावून देतो, आतली बाजू नवीकोरी असते. चेन दोन-तीन वेळा वरखाली करायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आतून शिवण उलटून माया, म्हणजे शिवणीपलीकडचं जास्तीचं कापड, किती सोडलीय ते बघायचं. टेलरने शिवलेल्या जुन्या पॅन्टला मागे कमरेत इंच-दीड इंच माया असते, म्हणजे उसवून मोठी करता येते, रेडिमेडवाले एवढं कापड सोडत नाहीत. माझ्या मिस्टरांच्या पोटाच्या हिशेबाने हा मुद्दा फार कामाचा आहे.

कॉटन आहे का ते ओळखायचं तर त्याच मायेतून एक धागा ओढायचा आणि काडी लावायची. सुती असेल तर कागद जळाल्यासारखा वास आणि बोटात चुरेल अशी राख, पॉलिस्टर असेल तर आकसून टोकाला कडक मणी होतो. विक्रेती ओरडते, माल जाळता का काय ताई, पण मी विकत घेणार हे तिला माहीत असतं म्हणून चालतं.

साड्यांची गोष्ट वेगळी. गल्लीत फिरून जुन्या जरीच्या साड्या घेणारे आजकाल फार वाढलेत, कारण २०२५ मध्ये चांदी किलोला दीड लाखाच्या वर गेली. खऱ्या जरीत रेशमाच्या धाग्यावर चांदीची बारीक तार गुंडाळून वर सोन्याचं पाणी दिलेलं असतं, आणि हे लोक साडी जाळून चांदी काढतात. आजीच्या शालूचे असा घेणारा पाचशे सांगत असेल तर थांबा जरा, काठ नखाने खरवडून बघा, आत लालसर रेशीम दिसलं तर आधी ओळखीच्या सोनाराकडे जा, जळगावात सोनारांना काय तोटा. नकली जरीत तांबं नाहीतर नुसतं प्लॅस्टिक निघतं, तिचे पाचशे आले तर खुशाल द्या. आणि हीच साडी इन्स्टावर कोणी मुलगी "विंटेज" लिहून तीन हजाराला विकते, फोटो छान, पण फाटका पदर फोटोत कधी दिसत नाही, तो व्हिडिओ कॉलवर मागून बघायचा. बिचाऱ्या लाजत नाहीत दाखवायला, आपणच मागत नाही.

आतले कपडे, मोजे आणि बूट मी जुने घेत नाही, कितीही तंगी असो. स्ट्रेचची जीन्सही नाही, आतलं रबर मेलेलं असतं आणि गुडघे लोंबतात.

आणि अल्टरचं काम आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी टेलरकडे टाका, नंतर तो लग्नाच्या ब्लाऊजांत असा अडकतो की उन्हाळ्याचा शर्ट तुम्हाला पोळ्याला मिळतो.