हायझेनबर्ग यांचा सूक्ष्मदर्शक

इलेक्ट्रॉन पाहायचा तर त्यावर प्रकाश टाकावा लागतो, त्या धक्क्याने तो हलतो, आणि म्हणून त्याचे स्थान व संवेग (वस्तुमान गुणिले वेग) एकाच वेळी अचूक कळत नाहीत, अशा शब्दांत मी महाविद्यालयात अनिश्चिततेचे तत्त्व शिकलो. आज ते स्पष्टीकरण मला दिशाभूल करणारे वाटते, कारण त्यात निसर्गाचा गुण मोजणाऱ्याच्या माथी मारला जातो.

या समजुतीचे मूळ मात्र हे तत्त्व मांडणारे जर्मन भौतिकशास्त्रज्ञ वेर्नर हायझेनबर्ग यांच्याच १९२७ च्या लेखात आहे. कोपनहेगनमध्ये लिहिलेल्या त्या लेखात त्यांनी गॅमा किरणांचा एक काल्पनिक सूक्ष्मदर्शक योजला होता. नॉर्वेहून परतलेले त्यांचे ज्येष्ठ सहकारी, भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोर यांनी त्यातली चूक दाखवली: धक्का नेमका ठाऊक असता तर तो हिशेबातून वजा करता आला असता, खरी अडचण अशी, की विखुरलेला प्रकाशकण भिंगाच्या कोणत्या भागातून आला हे सांगता येत नाही. लेखाच्या शेवटी पुरवणी जोडून हायझेनबर्ग यांनी ही त्रुटी मान्य केली. (१९२३ मध्ये म्युनिकच्या तोंडी परीक्षेत विल्हेल्म वीन यांनी त्यांना सूक्ष्मदर्शकाच्या विभेदनक्षमतेविषयीच (जवळचे दोन बिंदू वेगळे दाखवण्याच्या क्षमतेविषयी) विचारले होते आणि त्यांना उत्तर आले नव्हते.)

१९२७ मध्येच भौतिकशास्त्रज्ञ अर्ल केनार्ड यांनी जी गणिती असमता सिद्ध केली, तिच्यात धक्क्याचा उल्लेखच नाही. स्थानाचा विस्तार (म्हणजे ते किती पसरलेले आहे) आणि संवेगाचा विस्तार यांचा गुणाकार एका ठरावीक मर्यादेखाली जात नाही, एवढेच ती सांगते, आणि याचे कारण तरंगांच्या स्वभावात आहे. तंबोऱ्याची तार दीर्घकाळ झंकारते म्हणून तिचा स्वर ओळखता येतो. टाळी क्षणात संपते, तिला ठरलेला स्वरच नसतो. टाळीचा स्वर आपल्याला ऐकू येत नाही असे आपण म्हणत नाही, तो नसतोच. इलेक्ट्रॉनच्या बाबतीत स्थान आणि संवेग यांचे नाते असेच आहे.

अणूएवढ्या, म्हणजे मीटरच्या एक हजार कोटीव्या भागाएवढ्या जागेत इलेक्ट्रॉन कोंडला, तर त्याच्या वेगाचा विस्तार सेकंदाला किमान सुमारे ५८० किलोमीटर होतो. इलेक्ट्रॉन केंद्रकात कोसळून अणू नाहीसा होत नाही, तो यामुळेच. याच कारणाने हेलियमचे हलके अणूही एका जागी स्थिर बसत नाहीत. म्हणूनच साध्या दाबाखाली हेलियम निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे सर्वांत कमी शक्य तापमानाच्या, कितीही जवळ नेला तरी द्रवच राहतो, आणि तो गोठवायला सुमारे २५ वातावरणांचा दाब द्यावा लागतो, मग त्याच्याकडे कोणी पाहत असो वा नसो.