तलावपाळीवरची शेंगदाण्याची पुडी

आज क्लास सुटल्यावर दहावीतला एक मुलगा रेंगाळला. "मॅडम, बोलायचं होतं." तलावपाळीवर जाऊन बसलो. शेंगदाण्याची पुडी तासभर हातात, उघडलीच नाही त्याने. पाण्याची बाटली दाखवली. वर्गातल्या कुणीतरी मार्करने त्याला जे म्हणतात ते लिहिलेलं. (इथे लिहीत नाही.) नखाने खरवडूनही निम्मी अक्षरं उरलीत. रोज सकाळी पोटात दुखतं, शाळेची बस दिसली की जास्तच. आई म्हणते ॲसिडिटी.

"मला मुलं आवडतात, मॅडम." हे पाण्याकडे बघत.

मला धड काही सुचेना. समलिंगी संबंध हा गुन्हा नाही, असा कलम ३७७चा निकाल लागला २०१८मध्ये, तेव्हा हा तिसरीत-बिसरीत असेल. कोर्टात सुटलं, वर्गात कुठे सुटलंय?

घरी नाही सांगितलेलं, आणि सांग असं मीही म्हटलं नाही. एका मैत्रिणीला माहितीये. ती मधल्या सुट्टीत मुद्दाम त्याच्या बाकावर येऊन डबा खाते. "ती आली की पोट नाही दुखत."

टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर दिला. फुकट आहे, मराठीत बोलतात. त्याने तो 'गणित क्लास' नावाने सेव्ह केला.

(त्याला विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असं सगळं बदललंय.)