डेन्व्हरच्या पायथ्याशी सायकलवर: तळी, घळ आणि लाल दगड

कळसूबाईचा माथा 1,646 मीटरवर आहे. अमेरिकेतल्या डेन्व्हर शहराजवळच्या वॉटर्टन कॅन्यन या घळीचं पार्किंग साधारण 1,680 मीटरवर. म्हणजे गाडीवरून सायकल उतरवायच्या आधीच आपण महाराष्ट्रातल्या सगळ्यात उंच टोकाच्या वर पोचलेले असतो, आणि चढ तर अजून सुरूही झालेला नसतो. डेन्व्हरला जाऊन डोंगरात सायकल चालवायचं मनात असेल तर हा हिशेब आधी डोक्यात बसवा. नकाशावर सहा-सात मैलांची वाट दिसली की "हे काय, नाश्त्याच्या आत परत येऊ" असं पुण्याच्या माणसाला हमखास वाटतं. तिथे मैल बघायचे नाहीत. फूट बघायचे, आणि दगड बघायचे.

माझा मावसभाऊ लिटलटनला राहतो, त्यामुळे मुक्कामाचा प्रश्न नव्हता. गोल्डन, मॉरिसन, लेकवुड किंवा लिटलटन, यांतलं कुठलंही गाव धरलंत तरी चालेल. पूर्वेला सपाट माळ, पश्चिमेला रॉकी पर्वत आणि मध्ये टेकड्यांचा एक पट्टा. या पट्ट्यातच तळ्याकाठची उद्यानं, नदीच्या घळी आणि चढाच्या वाटा एकमेकींपासून अर्ध्या तासाच्या अंतरावर आहेत. सी-470 महामार्गाला समांतर पक्का सायकलमार्ग आहे, त्यावरून बऱ्याच ठिकाणी गाडीशिवाय पोचता येतं.

सुरुवात तळ्यापासून करा. विमानातून उतरल्यावर दुसऱ्याच दिवशी चढाला भिडणारे लोक संध्याकाळी डोकं धरून बसतात. हवा विरळ आणि कमालीची कोरडी. घाम येतो तो अंगावर दिसतच नाही, त्यामुळे पाणी कमी पडतंय हे कळत नाही. पहिल्या दिवशी बेअर क्रीक लेक पार्क किंवा चॅटफील्ड. चॅटफील्डचं धरण 1965 साली साउथ प्लॅट नदीला आलेल्या महापुरानंतर बांधलं आणि 1975 मध्ये पूर्ण झालं. बेअर क्रीकचं धरणही पूर अडवायलाच. दोन्हीकडे गाडीला प्रवेश शुल्क आहे. चॅटफील्डमध्ये आरामात फेरी मारायची, बोटी बघायच्या, बस्स. बेअर क्रीक मात्र खऱ्या अर्थाने सरावाची जागा आहे. मातीची अरुंद पाऊलवाट, कॉटनवुडची सावली, एकदोन छोटे ओढे आणि माउंट कार्बन नावाची टेकडी. नाव पर्वताचं, उंची मात्र आपल्या पर्वतीची आठवण करून देणारी.

भाड्याच्या सायकलचे ब्रेक समजून घ्यायलाही हीच जागा बरी. आपल्याकडे बहुतेक सायकलींना उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो. अमेरिकेत उलटं: डावीकडे पुढचा, उजवीकडे मागचा. सपाटीवर फरक जाणवत नाही. उतारावर समोर दगड आला की हात सवयीने दाबतो, पुढचं चाक जागच्या जागी थांबतं आणि आपण हँडलवरून पलीकडे. दुकानदाराला सांगितलं तर काही जण ब्रेक बदलून देतात. नाहीतर तळ्याकाठी तासभर नुसती ब्रेकची घोकंपट्टी करा.

तळ्याकाठचा दुसरा धोका काट्यांचा. तिकडे ज्याला गोटहेड म्हणतात तो म्हणजे आपला सराटाच, तीच वेल, तीच पिवळी फुलं, तोच कसाही पडला तरी टोक वर ठेवणारा काटा. मूळचा आपल्या बाजूच्या जगातला, तिकडे जाऊन माजलाय. वाटेच्या कडेला सायकल आडवी टाकली की ट्यूबचं काम तमाम. भाड्याने घेताना ट्यूबलेस आणि आत सीलंट, म्हणजे भोक बुजवणारा द्रव, घातलेले टायर मागा, आणि विश्रांतीला सायकल वाटेबाहेर नेऊ नका. भावाने टायरमधून काटा उपसला तेव्हा पांढरा फेस फस्सकन आला, दोन फेरे फिरवल्यावर भोक बंद. जादूच.

आता वॉटर्टन कॅन्यन. कॉलोराडो ट्रेल ही डेन्व्हरहून डुरँगोपर्यंत जाणारी साडेचारशे मैलांहून लांब पायवाट इथून सुरू होते. पण पहिले सहा मैल ती पायवाट नसून डेन्व्हर वॉटर या पाणीपुरवठा संस्थेचा रुंद कच्चा रस्ता आहे, साउथ प्लॅट नदीच्या अगदी काठाने स्ट्रॉन्शिया स्प्रिंग्ज धरणापर्यंत. एके काळी याच घळीतून आगगाडी जायची, म्हणून चढ इतका सौम्य. लहान मुलं, आजी-आजोबा, माशांचे गळ घेतलेले लोक, सगळे भेटतात. खासगी गाड्यांना बंदी, कुत्र्यांनाही बंदी.

कुत्र्यांना बंदी का, ते साधारण तिसऱ्या मैलानंतर कळलं. वळणावर पुढचे दोघे सायकलवाले उतरून उभे होते. पलीकडे रस्त्याच्या मधोमध बिगहॉर्न जातीचे रानमेंढे. त्यातला थोराड नर चक्क रस्ता चाटत होता, क्षारांसाठी. शिंगांचा वेढा गालापर्यंत आलेला, टोकं झिजून फाटलेली. आमच्याकडे त्याने एकदा पाहिलं आणि परत जिभेचं काम सुरू. मग वरच्या कड्यावरून खडी घरंगळली, मादी आणि पिल्लू जवळजवळ उभ्या दगडावरून टकाटक उतरून खाली आली. चार पावलं पुढे जाऊन फोटो काढायचा मोह होतो. काढू नका. 2015 मध्ये इथे अस्वलं दिसायला लागली आणि लोक त्यांच्याकडे पाठ करून सेल्फी काढू लागले, तेव्हा डेन्व्हर वॉटरने सगळी घळच काही काळ बंद करून टाकली होती. कळप हलेपर्यंत थांबायचं, घाई असेल तर मागे फिरायचं. घंटी वाजवून "चला, चला" करणारे आपलेच काही बांधव दिसतात, त्यांना मेंढे दाद देत नाहीत.

धरण 243 फूट उंच आहे आणि घळीच्या चिंचोळ्या तोंडात अचानक समोर येतं. बहुतेक लोक इथून परततात. तुम्ही परतू नका. धरणाच्या पुढे रस्ता संपतो, डाव्या हाताला अरुंद वाट जंगलात शिरते आणि नागमोडी वळणांनी चढू लागते. आतापर्यंतचा सहा मैलांचा रस्ता आणि पुढचा एक मैल, दमछाक सारखीच. वर लेनीज रेस्ट नावाचं बाकडं आहे, तिथवर गेलात तरी पुरे. ही वाट पुढे नदीच्या दोन शाखा मिळतात तिकडे उतरते. तिथल्या टू फोर्क्स धरणाचा प्रस्ताव 1990 मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने नाकारला, नाहीतर ते खोरं आज पाण्याखाली असतं. आपल्याला धरण होणार म्हटल्यावर ते होतंच असं बघायची सवय, त्यामुळे ही गोष्ट ऐकून जरा नवलच वाटलं. शेजारी रॉक्सबरो स्टेट पार्क आहे, पण तिथे सायकल चालत नाही.

घळीत प्यायचं पाणी नाही. समोर अख्ख्या शहराचं पाणी वाहतंय आणि आपली बाटली कोरडी, असं व्हायला नको, तर माणशी तीन लिटर घरूनच न्या. धरणाची कामं निघाली की रस्ता बंद असतो, तेव्हा आदल्या रात्री डेन्व्हर वॉटरच्या संकेतस्थळावर नजर टाका.

तिसरा टप्पा टेकड्यांचा, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचा. माउंट फाल्कन, एपेक्स, व्हाइट रँच, डिअर क्रीक कॅन्यन ही सगळी जेफरसन काउंटीची उद्यानं. पार्किंग फुकट, प्रवेश फुकट. 1972 मध्ये तिथल्या मतदारांनी अर्धा टक्का विक्रीकर स्वतःवर लावून घेतला आणि त्यातून ही जमीन राखली गेली.

माउंट फाल्कनला मॉरिसनच्या बाजूने कॅसल ट्रेलने चढा. तीनेक मैलांत दीड हजार फुटांहून जास्त चढ. सिंहगडाचा डांबरी घाट एका दमात चढणाऱ्यांनाही इथे उतरावं लागतं, कारण खाली सुटी खडी आणि लाकडाच्या आडव्या पायऱ्या आहेत. उठून पेडल मारलं की मागचं चाक गरगर फिरतं. बसून, सगळ्यात हलका गिअर टाकून, छाती हँडलकडे झुकवून, चालणाऱ्याच्या वेगाने जायचं. झाडी जवळपास नाही, त्यामुळे सकाळी सातला वाटेवर असायला हवं. वर जॉन ब्रिस्बेन वॉकर या मासिक-मालकाच्या दगडी वाड्याचे अवशेष आहेत. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांसाठी उन्हाळी निवासस्थान बांधायचा बेतही त्याने इथेच आखला होता, पण तो पायाच्या दगडापुढे गेला नाही. वाडा 1918 मध्ये वीज पडून जळाला.

ती वीज नीट लक्षात ठेवा. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी बारा-एकनंतर डोंगरामागून ढग येतात आणि अर्ध्या तासात चित्र पालटतं. पाऊस थोडाच, विजा भरपूर. उघड्या माथ्यावर धातूची सायकल घेऊन उभं राहण्यात शहाणपण नाही. दुपारच्या जेवणाला गावात, असा शिरस्ता ठेवा.

दगडाची खरी परीक्षा डकोटा रिजवर. मॅथ्यूज-विंटर्स पार्कपासून सुरू करून उत्तरेकडून दक्षिणेकडे कड्याच्या धारेवरून जायचं आणि मग रेड रॉक्स ट्रेलने खालून परत यायचं. पूर्ण फेरी सात मैलांच्या आसपास, वेळ मात्र तीन तास धरा. तिरप्या वालुकाश्माचे थर पायऱ्यांसारखे उभे. डावीकडे डेन्व्हरचा सपाट माळ, उजवीकडे रेड रॉक्सचे लाल सुळके. बघायला मान वळवली की चाक फटीत. मी निम्म्या ठिकाणी सायकल खांद्यावर घेतली, त्यात लाज कसली. मध्ये जो रस्ता ओलांडावा लागतो त्याच्या उतारावर डायनासोरच्या पावलांचे ठसे आहेत, आणि स्टेगोसॉरस या प्राण्याची जगाला पहिली ओळख 1877 मध्ये या मॉरिसन परिसरात सापडलेल्या हाडांवरूनच झाली. सायकल ठेवून पंधरा मिनिटं तिकडे घालवा. या फेरीला पुढे-मागे सस्पेन्शन, म्हणजे धक्के शोषणारी योजना, असलेली सायकलच घ्या. बाकी सगळीकडे फक्त पुढे सस्पेन्शन असलेली पुरते आणि भाड्यातही पैसे वाचतात.

वाटेवरचे रिवाज तिथे मनापासून पाळले जातात. उतरणाऱ्याने चढणाऱ्याला वाट द्यायची. सायकलवाल्याने चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला. घोडा दिसला की उतरून वाटेच्या खालच्या अंगाला उभं राहायचं आणि स्वाराशी बोलत राहायचं, म्हणजे घोड्याला आपण माणूस आहोत हे कळतं. पावसानंतर ओल्या मातीत सायकल घालणं हा तिथला सगळ्यात मोठा गुन्हा. ही माती चिकण, चाकाला चिकटून सायकलच्या फोर्कमध्ये अडकते आणि वाटेवर पडलेली चाकोरी वाळून महिनाभर तशीच राहते. चिखल दिसला तर माघारी, बाजूच्या गवतातून वळसा घालायचा नाही. रॅटलस्नेक हे विषारी साप ऊन खायला वाटेवर येतात. त्यांच्या शेपटीचा खुळखुळा ऐकू यायला हवा म्हणून कानात गाणी नकोत.

खायला मी शेंगदाण्याची गुळाची चिक्की आणि दशम्या नेल्या होत्या. तिकडची एनर्जी जेलची पाकिटं महाग आणि चवीला औषधी. एवढं मात्र लक्षात ठेवा, त्या कोरड्या हवेत उघडी दशमी तासाभरात पापड होते, घट्ट डब्यातच न्या. प्रवास विम्यात सायकलिंगच्या दुखापती धरल्या आहेत का तेही निघण्यापूर्वी विचारून घ्या.

सप्टेंबरचा उत्तरार्ध आणि ऑक्टोबरची सुरुवात उत्तम. विजा ओसरलेल्या, सकाळी हुडहुडी, दुपारी अर्ध्या बाह्या. हिवाळ्यात दक्षिण उतारावर चिखल आणि उत्तर उतारावर बर्फ, दोन्ही एकाच फेरीत मिळतात.

आणखी एक, कॅलेंडरचं. एपेक्सला सायकलींनी कुठल्या दिशेने जायचं ते तारखेवर ठरतं, वाटेच्या तोंडाशी पाटी असते ती वाचूनच आत शिरा. गोल्डनच्या पश्चिमेला सेंटेनिअल कोन नावाचं अप्रतिम उद्यान आहे. तिथे शनिवार-रविवारी सम तारखेला सायकली आणि विषम तारखेला चालणारे. आमचा रविवार विषम निघाला, म्हणून आम्ही गोल्डनहून चिमनी गल्चची वाट धरून लुकआउट माउंटनवर बफेलो बिल या एके काळच्या प्रसिद्ध अमेरिकी खेळवाल्याच्या थडग्यापर्यंत गेलो. तेही झकास झालं, पण कोन राहिला तो राहिलाच. विमानाची तिकिटं काढताना शनिवार-रविवारच्या तारखा बघून काढा.